दौलतजींच्या झाडीतली चारोळी

यंदा साठी पूर्ण करणाऱ्या दौलतजींची आणि माझी ओळख सत्तरच्या दशकातली. मी शेतकी शाळेतला नवा शिक्षक. शाळेसाठी रोपे आणायला एकोडीला त्यांच्या रोपवाटिकेत गेलो. रोपे निवडून निघालो, तर त्यांनी हात धरून मला मागच्या झाडीत नेले. "आधी माय पाहून घ्या गुरुजी, मंग लेकरू न्या," म्हणाले.

ही झाडी त्यांच्या वडिलांनी राखलेली. तिथलेच बी वेचायचे, पत्नी सुगंधाबाईंनी पिशव्या भरायच्या, आणि ज्या झाडाचे रोप ते झाड दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला रोप द्यायचे नाही, हा घरचा रिवाज. एका चारोळीपाशी मात्र दौलतजी अंमळ जास्त थांबत. ती वडिलांच्या हातची होती.

ऐंशी सालानंतर निलगिरीचे वेड आले. मी शिकलेला माणूस, गप्प कसा बसणार? झाडी काढून निलगिरीचे वाफे घाला, असा सल्ला मी दर रविवारी जाऊन दिला. सुगंधाबाई म्हणाल्या, "मायच नाही राहिली त मंग दाखवाचं काय, गुरुजी?" मी हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते. दौलतजींनी माझा शब्द मानून चारोळीच्या बाजूची झाडी काढली. चारोळी पडली त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मला फार उशिरा कळले.

दोन-तीन वर्षांत निलगिरीची मागणी ओसरली. बाहेरून बी आणून चारोळीची रोपे करा, असे शहाणपण मी पुन्हा शिकवले. "ज्याची माय मीच पायली नाही, ते लेकरू लोकायले कसं देऊ?" एवढे बोलून त्यांनी विषय मिटवला. चारोळीची विक्री बंद झाली, ती आजही बंदच आहे.

गेल्या महिन्यात दौलतजींच्या या गौरवग्रंथासाठी माहिती घ्यायला गेलो, तेव्हा सिहोऱ्याचे एक शेतकरी चारोळी मागत होते. दौलतजींनी त्यांना उरलेल्या बुंध्यापाशी नेले.

"काहून तोडली जी?" त्या शेतकऱ्यांनी विचारले.

मी शेजारीच उभा होतो. दौलतजी म्हणाले, "माह्याच डोक्यात आलं होतं."

मी तोंड उघडले नाही. म्हणून आज सर्वांसमक्ष लिहितो, ते माझ्या डोक्यातले होते.

त्या बुंध्याच्या मुळाला आता एक कोंब फुटला आहे. सुगंधाबाईंनी त्याला काट्यांचे कुंपण केले आहे. फळ धरायला त्याला आठ-दहा वर्षे तरी लागतील. दौलतजी, आपल्याला निरोगी दीर्घायुष्य लाभो. त्या चारोळीचे पहिले रोप मागायला मी येईन, तेव्हा हात धरून मला आधी तिच्यापाशी न्या.