दोर तुटला होता

माहेराहून निघताना लेकीची ओटी भरतात. त्या दिवशी माझी कुणी भरली नाही. कर्फ्यूत सकाळची थोडी ढील मिळाली होती. तेवढ्यातच दूध आणायचं, भाजी आणायची आणि लेकीला गाडीत बसवून यायचं होतं. एका हातात माझी बॅग, दुसऱ्या हातात माझं मनगट, असे अण्णा, म्हणजे माझे वडील, भरभर चालत होते. लहानपणी बुऱ्हाणपूरच्या ज्या बाजारात मावा जलेबी खात हिंडले, तिथं चपलांखाली काचा करकरत होत्या. माय दारापर्यंतही आली नाही. आतूनच म्हणाली, "पोचलीस की फोन कर." गाडी सुरतेच्या दिशेनं निघाली तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

तुम्ही जे तिकडेच राहिलात आणि माझ्यासारखे जे पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलात, त्या सगळ्यांसाठीच हे लिहितेय. कारण भेटलं की सगळे एकच विचारता, "सख्ख्या भावाला असं कसं केलंस गं?" आधी सगळं ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला.

आखाजीला लेकी माहेरी येतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. आमरस, खापरावरची पुरणपोळी आणि निंबाला बांधलेला झोका, हा आमचा सण. भाऊ बहिणीला घ्यायला तिच्या सासरी जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. माझा मुऱ्हाळी पंकज, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आयटीआय केलेला. ज्या पॉवरलूमवर लागला होता तो बंद पडल्यापासून रिकामाच होता. त्या वर्षीही मला सुरतेहून तोच घेऊन आला. गाडीत सारखा फोनमध्ये डोकं. "काय एवढं बघून ऱ्हायलास रे?" विचारलं तर म्हणाला, "ग्रुप आहे ताई, भैयाजींचा." हे भैयाजी म्हणजे आमच्या भागातले एक पुढारी. पोरांना टीशर्ट द्यायचे, गाडीत पेट्रोल भरून द्यायचे, आणि "तुम ही तो हो मेरी ताकत" म्हणायचे. रिकाम्या पोराला आणखी काय लागतं हो?

सकाळी मी रहीमचाचांच्या दुकानात बांगड्या भरून आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं दुकान. माझ्या लग्नाचा चुडाही त्यांनीच भरलेला. दुपारी निंबाखाली आम्ही सगळ्या झोक्याशी होतो. माझी चुलत बहीण सोनी झोक्यावर उभी, मी मागून ढकलतेय. दोर अण्णांनी बांधलेला. केळीच्या ट्रकवर माल आवळायचा जुना दोर होता तो. फांदीवर घासून घासून पिंजला होता. सकाळीच मी म्हटलं होतं, "अण्णा, बदला ना हा." अण्णा म्हणाले, "आजचा दिवस जाईल." नाही गेला. माझ्या डोळ्यांदेखत फांदीपाशी दोर तुटला, सोनी तोंडावर पडली, हनुवटी फाटली. रक्त बघून बायका ओरडल्या. तेवढ्यात चाचांचा भाचा सलीम सायकलवरून तिथून चालला होता. तो थांबला, सायकल टाकून सोनीला उचलायला धावला. एवढंच घडलं.

आणि ग्रुपवर काय आलं? 'आखाजीच्या झोक्याचा दोर कापला, मुलगी गंभीर.' सोबत सोनीचा रक्ताळलेला फोटो. मेलं, कुणी काढला तेही कळलं नाही. सोनी अजून दवाखान्यात टाके घालून घेतेय, आणि बाजारात शटरं खाली यायला लागली. अण्णा स्वतः थान्यात, पोलिसांकडे गेले. "साहब, रस्सी मैंने बांधी थी, टूटी है," सांगायला. "बाद में आओ" म्हणून त्यांना हाकललं. संध्याकाळी दगड दोन्हीकडून आले, हेही खरं आहे. कुणाला सोवळं ठरवायला मी बसलेली नाही. पण दुकान जळालं ते चाचांचं. आणि त्याचं शटर वाकवणाऱ्या चौघांत माझा भाऊ होता. व्हिडिओत चेहरा स्वच्छ दिसतो. मी त्याला अंगावरच्या शर्टावरून आधी ओळखलं, कारण तो शर्ट मीच सुरतेहून आणला होता.

पंकज पकडला गेला. सलीमही पकडला गेला, दोर कापल्याबद्दल. सोनीला उचलताना त्याचा फोटो निघाला होता, तेवढा पुरावा पुरला. भैयाजींचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. ते म्हणाले, "मेसेज आगे से आया था, मैंने तो बस भेजा." काही दिवस गल्लीत बोलणं सुरू होतं, की दंगा करणाऱ्यांची घरं पाडा. आमचं घर अण्णांनी कारखान्यात राबून बांधलेलं. अण्णांनी कुठलं शटर वाकवलं होतं? सलीमच्या आईनं कुठला दोर कापला होता? शिक्षा द्यायचीच ना, मग ज्यानं केलं त्याला द्या, जेवढं केलं तेवढी द्या. ज्यानं पेटवायला सांगितलं त्याला आधी द्या. हे समजायला काय कायदा शिकावा लागतो?

सुरतेत मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. "मिस" आणि "बेन" या दोन नावांत माझा दिवस जातो. सासरी फक्त माझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक. तो म्हणाला, "घरात कळायला नको." म्हणून पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख आली, की सासरी सांगण्यापुरती माय आजारी पडायची. इथं मी पोरांना 'नेहमी खरे बोलावे' फळ्यावर लिहून द्यायची, आणि मधल्या सुट्टीत मायचा फोन घ्यायची.

फोनवर एकच विषय. पंकजच्या वकीलसाहेबांनी वाट शोधली होती. मुऱ्हाळी गेला की बहिणीकडे एखादा दिवस राहतोच, जावई आग्रह करतातच. तर मी कोर्टात सांगायचं, की पंकज मला घ्यायला आला, पण आम्ही निघायच्या आतच दंग्याची बातमी आली, म्हणून दोघंही सुरतेतच थांबलो. व्हिडिओतला पोरगा कुणी दुसरा. वकील म्हणाले, "मॅडम, टीचर की बात जज मानेगा." आपल्या रिवाजातून इतकं बेमालूम खोटं विणता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी माझ्या परीनं पळवाटा काढल्या. बांगड्या भरताना चाचांनी मला पाहिलंय म्हटलं. माय म्हणाली, "चाचा बोलणार नाहीत. मी जाऊन आले त्यांच्याकडे, पाया पडून आले." आणि मी सुरतेत होते म्हटलं, की दोर तुटताना बघणारी साक्षीदार म्हणून मीही गेले. सोनी तर पडली, तिला काय दिसणार? बाकीच्या बायका "आमचं लक्ष नव्हतं" म्हणून मोकळ्या झालेल्या. म्हणजे पंकजला सोडवायचं तर सलीमला आत ठेवायचं. मायला हे सांगितलं तर म्हणाली, "त्याला त्याची माय आहे. तू तुझ्या मायची हो." त्यानंतर मला जेवण जाईना, झोप येईना. शाळेत कुणी नुसती हाक मारली तरी दचकायची.

पेशीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात रहीमचाचा बाकावर बसले होते. दाढी पार पांढरी झालेली. मी नजर चुकवून जायला लागले, तर हळूच म्हणाले, "बेटी, रस्सी टूटी थी ना?" दुसरं काही नाही विचारलं. ना दुकानाबद्दल, ना पंकजबद्दल. मी आत गेले. खरं सांगते, तेव्हाही माझं ठरलं नव्हतं. मी खोटंच बोलेन असं मला वाटत होतं.

पिंजऱ्यात उभी राहिले. समोर पंकज, खप्पड झालेला. मागच्या बाकावर माय, पदर तोंडाला लावलेला. वकिलांनी विचारलं, "आखाजी के दिन आप और आपका भाई कहाँ थे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "इथेच. मी झोका ढकलत होते." वकील गडबडले. जज म्हणाले, "साफ साफ कहिए." मग मी साफ सांगितलं. दोर तुटला, कापला नाही. सलीम मदतीला आला. पंकज मला आदल्याच दिवशी घेऊन आला होता. व्हिडिओतला शर्ट कुणाचा, हेही जजनी विचारलं. तेही सांगितलं. मागून मायचा आवाज आला, "माय वं!" एवढाच. पोट दुखल्यावर आम्ही लहानपणी ओरडायचो तसा.

सलीम सुटला. पंकजला शिक्षा झाली, खंडव्याच्या जेलमध्ये आहे. शिक्षा योग्य आहे का? हो, आहे. चाचांनी उभ्या आयुष्यात कमावलेलं त्यानं हातानं मोडलं. पण माझ्या हाती असतं तर मी त्याला आधी चाचांचं दुकान बांधायला लावलं असतं, आणि शेजारी भैयाजींना विटा उचलायला उभं केलं असतं. भैयाजी सध्या चौकातल्या मोठ्या पोस्टरवर हात जोडून उभे आहेत. हा कसला न्याय, सांगा ना कुणीतरी!

एकदा जेलमध्ये भेटायला गेले. जाळीपलीकडे पंकज बसला होता. मी घर, शाळा, काय काय बडबडत होते. शेवटी म्हणाला, "शटर मीच वाकवलं ताई, खरं आहे ते. दुसरं कुणी सांगितलं असतं तर चाललं असतं. तू नको होतीस." मी म्हटलं, "दुसरं कुणी सांगतच नव्हतं रे." तो उठून गेला. अण्णांनी कोर्टाच्या दारात माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, तेवढाच. त्यांच्याकडे फोन नाही. मायनं माझा नंबर ब्लॉक करून टाकलाय.

गेल्या रविवारी सासूबाई दुपारी माझ्याजवळ येऊन बसल्या. खुशीत होत्या. त्यांच्या नात्यातली मुलगी आहे, शिकलेली, स्वभावानं गरीब. "तुझ्या पंकजला शोभेल बघ. किती दिवस झाले, त्याचं काही कळत नाही. तुझी माय बरी झाली असेल तर बोलून घे." मी भाजी निवडत होते. कोर्टात एवढ्या लोकांसमोर जे तोंड उघडलं, ते त्या एका प्रेमळ बाईसमोर उघडेना. "विचारते घरी," म्हणाले. त्या म्हणाल्या, "आत्ताच लाव ना फोन." मी मोबाइल घेऊन गॅलरीत गेले, कानाला लावला, आणि कुणी ऐकत नसताना मोठ्यानं म्हणाले, "हॅलो, माय, कशी आहेस?"