घोडा मागे

तुमच्या घरात बुद्धिबळ खेळणं कोणी सोडलं, हे तुम्ही कधी विचारलंय? जगज्जेतेपदाचा शेवटचा डाव आम्ही दहा जण दादाच्या टीव्हीवर श्वास रोखून पाहत होतो. चहा देताना वहिनी म्हणाली, "आता तो घोडा मागे घेईल." लग्नाआधी ती जिल्ह्याकडून खेळायची.

"वहिनी, पोळी उलटवायची नाहीये!" दादाचा मित्र म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो.

तेवढ्यात जगज्जेत्याने घोडा मागे घेतला. टाळ्या पडल्या, त्याच्यासाठी. वहिनी रिकामे कप उचलून आत गेली. घोडा मागे घेता येतो. लग्नानंतर पटाविना गेलेली तिची बारा वर्षं कोण मागे घेणार? काही बदलेल, असं मला वाटत नाही. तरीही आज घरचे कप तुम्ही विसळा, आणि खेळ सोडलेल्या त्या बाईसमोर पट मांडा.