सहावं गाणं कोणाचं

शुभा सोवनी एका डेंटिस्टच्या फ्रंट डेस्कवर काम करते. पेशंट आत खुर्चीत जाऊन बसेपर्यंत तिला त्याचं गाव, त्याच्या बायकोचं माहेर आणि घरातल्या कुत्र्याचं नाव, सगळं कळलेलं असतं. आम्ही दोघी मिशिगनमधल्या नोव्हायला एकाच रस्त्यावर राहतो. तिच्या या सवयीपायी मी गेल्या उन्हाळ्यात एका जत्रेच्या मैदानात जाऊन बसले, त्याची ही हकिगत.

तिची मुलगी नीना बँजो वाजवते. कॉलेजात रूममेटचा बँजो सहज हातात घेतला तो सुटलाच नाही. आता ती नॉर्थ कॅरोलायनात राहते आणि ब्लूग्रास वाजवणाऱ्या एका बँडमध्ये आहे. केंटकी-व्हर्जिनियाकडच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी वाढवलेलं हे संगीत. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि बास, बस. ड्रम सहसा नसतोच. ऐकणारे फार कडक, घराण्यांवरून आपल्याकडे वाद घालतात ना, त्यातलेच.

नीनाच्या बँडने वसंतात ‘टू किचन्स’ नावाचा अल्बम काढला. त्यात तबला होता, आणि तीन गाण्यांत मशीनवर केलेले ठेके. शुभाच्या नवऱ्याने, राजेशने, तो गाडीत एकदा ऐकला, “छान झालंय” म्हणाला आणि विषय संपवला. शुभाने मात्र त्यावर जे जे छापून आलं ते सगळं वाचून काढलं. फॅन लोकांच्या फोरमवर ती रोज लंच ब्रेकमध्ये जाऊन बसायची.

“मॉम, डोन्ट रीड द कॉमेंट्स,” नीना फोनवर म्हणाली.

“अगं, वाईट नाही वाटत मला. गंमत वाटते.”

गंमत वाटण्यासारखंच होतं. एका नावाजलेल्या समीक्षकाने लिहिलं, की तिसऱ्या गाण्यात भारतीय रागांचा हजारो वर्षांचा वारसा ऐकू येतो. ती चाल नीना एका शिबिरात केंटकीच्या म्हाताऱ्या फिडलवाल्याकडून शिकली होती. सहाव्या, शब्द नसलेल्या ‘वन मोर बाइट’बद्दल त्याच समीक्षकाने लिहिलं, की ही खास डोंगरातली जुनी धून, नीनाने ती मुळीच न बिघडवता वाजवली आहे. आणि ती धून शुभाची होती. नीना लहानपणी जेवायला फार त्रास द्यायची, तेव्हा “अजून एक घास” म्हणत शुभा तेच गुणगुणायची. अल्बमवर नीनाने त्या धुनेपुढे ‘ट्रॅडिशनल’, म्हणजे कर्ता अज्ञात, असं लिहून टाकलं होतं.

“तू म्हणायचीस, म्हणजे ट्रॅडिशनलच ना,” नीनाचं म्हणणं.

“म्हणजे मी जिवंतपणीच पारंपरिक झाले,” शुभा मला म्हणाली, आणि हसत सुटली.

मग तिला डेल सापडला. डेल हा मिशिगनचाच, मोटार कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. त्याने फोरमवर लिहिलं होतं, की पन्नास वर्षं हे संगीत ऐकतोय, पण मशीनसमोर बसवलेला बँजो ऐकवत नाही. बाकी अल्बम सोडून द्या, फक्त सहावं ऐका. ती आमच्या लोकांची धून आहे. खाली लिहिलं होतं, जूनमधल्या ब्लूग्रास फेस्टिव्हलला येणार आहे, भेटू.

“त्याला विचारायला हवं,” शुभा म्हणाली.

“काय विचारणार?”

“आमच्या लोकांची म्हणजे कशी, ते.”

नीनाने फोनवर “प्लीज डोन्ट” म्हणून पाहिलं. उपयोग नव्हता. शनिवारी सकाळी शुभाने गाडीत दोन फोल्डिंग खुर्च्या, इडल्यांचा डबा आणि मला घातलं.

फेस्टिव्हल काउंटीच्या जत्रेच्या मैदानात होता. स्टेजवर कोणी तरी वाजवत होतं, पण खरी गर्दी मागे, जिथे लोक आपापल्या कॅम्पर गाड्यांसमोर गोल करून वाजवत बसले होते. शुभाने तिघाचौघांना विचारलं आणि पाचव्या मिनिटाला आम्ही डेलसमोर उभ्या होतो. उंच, वाकलेला, मांडीवर गिटार.

“मी नीनाची आई,” शुभाने सांगितलं. “तुम्ही लिहिलेलं वाचलं.”

बिचाऱ्याने टोपी काढली. “मॅम, मला मुलीला दुखवायचं नव्हतं.”

“ती नाही दुखावली. मला फक्त विचारायचंय. तबला नाही आवडला का?”

डेलने थोडा विचार केला. “तबलेवाला चांगला आहे. तो ऐकतो. मुलगी जरा थांबली की तोही थांबतो. आमच्यात हेच असतं, दुसऱ्याला जागा द्यायची. मशीन कोणाचंच ऐकत नाही, म्हणून मला त्रास होतो.”

भारतीय वाद्यं घुसली म्हणून हा चिडला असेल, असं मी धरूनच चालले होते.

“आणि सहावं?” शुभाने विचारलं.

“ती धून माझी मावशी वाजवायची.” त्याने गिटार उचलली आणि सुरू केलं. तीच धून होती, जरा सावकाश. अल्बमवर ती संपते तिथे शुभाने मान हलवली, पण डेल थांबला नाही. तो वरच्या सुरांवर गेला, तिथे घोटाळला, आणि फिरून खाली आला.

“हे पुढचं मला माहीतच नाही,” शुभा मराठीतच म्हणाली. मग तिने डेलला घासाची गोष्ट सांगितली. आपण ही चाल स्वतः केली असं आजवर वाटत होतं, हेही सांगितलं.

डेलला राग आला नाही. उलट तो खुर्ची पुढे ओढून बसला. “मिशिगनला आलात तेव्हा पहिल्यांदा कुठे राहिलात?”

“इप्सिलँटीला. नीना तिथेच झाली.”

“इप्सिलँटीत अर्धं केंटकी राहायचं, मॅम. आमची सगळी माणसं कारखान्यासाठी तिथेच आली.”

शुभाला खालच्या अपार्टमेंटमधली ओपल आठवली. साठीची, एकटी बाई. शुभा कपडे धुवायला बेसमेंटमध्ये गेली की ओपल नीनाला मांडीवर घेऊन बसायची. मक्याचा ब्रेड आणून द्यायची.

“ती गुणगुणायची का?” मी विचारलं.

शुभाने डोळे मिटले. “तिचे हात आठवतात. तिचा हिरवा स्वेटर आठवतो. गाणं नाही आठवत गं.”

मी लहानपणी थोडं गाणं शिकले आहे. मी म्हटलं, पाच सुरांची साधी चाल आहे, भूपासारखी. दोन बायका जगाच्या दोन टोकांना बसून सहज सारखं गुणगुणू शकतात. डेलला हे पटलं नाही, चाल ओपलकडूनच आली असं त्याचं म्हणणं. शुभाला दोन्ही पटलं.

तिने तिथूनच नीनाला फोन लावला आणि डेलसमोर धरला. त्याने पूर्ण धून वाजवली. मग नीनाचा आवाज आला, “मॉम, कॅन ही प्ले द सेकंड पार्ट अगेन? स्लोअर?” पुढे दोघं बराच वेळ बोलत बसले. आम्ही इडल्या खाल्ल्या. डेलनेही दोन खाल्ल्या, जॅमबरोबर.

ओपलचा पत्ता शुभाने पुष्कळ शोधला. पण तिचं आडनाव शुभाला कधी माहीतच नव्हतं. एवढ्या चौकस बाईला ही एक गोष्ट विचारायची राहून गेली होती. तेव्हा शुभाचं इंग्रजी कच्चं होतं, आणि ती कोणालाच काही विचारत नसे. हे मला तिच्याकडूनच पहिल्यांदा कळलं.

ऑक्टोबरमध्ये नीनाचा बँड आमच्या जवळच्या ॲन आर्बरला आला, रविवारी दुपारचा कार्यक्रम. डेल आला होता, कडेच्या खुर्चीत. मशीनची गाणी आली की तो शांतपणे उठून कॉफी घ्यायला जायचा. ‘वन मोर बाइट’ नीनाने दोन्ही भागांसकट वाजवलं. वाजवण्याआधी म्हणाली, की पहिला भाग आईकडून आला आणि दुसरा डेलच्या मावशीकडून, आणि पहिला आईकडे कुठून आला ते आम्ही अजून शोधतोय. अल्बमच्या पुढच्या छपाईत ‘ट्रॅडिशनल’ राहणार, पण खाली या दोघींची नावं येणार, आणि ओपलचं, प्रश्नचिन्हासकट.

कार्यक्रम संपल्यावर नीना सामान आवरून बाहेर आली, तर पार्किंगमध्ये तिची आई आणि डेल वाद घालत उभे होते. शुभाला पूर्ण अल्बममध्ये सगळ्यात आवडलं होतं ते चौथं, मशीनवालं गाणं. डेलचा विश्वास बसत नव्हता.

“त्यात तुम्हाला ऐकू तरी काय येतं?” तो विचारत होता.

“पुन्हा लावते,” शुभा म्हणाली आणि गाडीचं दार उघडलं. “या, बसा आत.”