किटमधलं जहाज आणि बाचा डोंगा

कोंढ्याच्या बसथांब्यावर मला सोडायला माय आली होती, काका आला होता. बा आला नव्हता. तो पहाटेच डोंगा घेऊन वैनगंगेवर गेला होता. भंडाऱ्याची एसटी आली, काकानं माझी पेटी वर चढवली आणि माय खिडकीशी येऊन म्हणाली, "रागावला नाई तो. मासोळीचा टाइम होता, म्हून गेला." खोटं बोलताना माय पदराचं टोक दातात धरायची. तेव्हाही धरलं होतं.

बा का आला नाही, हे मला ठाऊक होतं. आदल्या दुपारी अंगणात जाळं विणता विणता तो म्हणाला होता, "वेल्डिंग शिकला, चांगलं झालं. पर इतका दूर कायले चालला?" मी एकवीस वर्षांचा, खिशात आयटीआयचं सर्टिफिकेट आणि सिंगापूरच्या कामाचा कागद. म्हणालो, "मले तुझ्यासारखं चिखलात मरायचं नाई." बानं दोरा तोडला, जाळं गुंडाळलं आणि उठून नदीकडे गेला.

आम्ही ढिवर. आजा, पणजा सगळे नदीवरचे. मासे धरायचे, पलीकडच्या गावाला माणसं पोहोचवायची. बा आपला डोंगा स्वतः बांधायचा, सागाच्या फळ्या जोडून, फटींत चिंध्या कोंबून वरून डांबर ओतून. आमचा भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आयटीआयतले, गोंदियात गेलेल्या तिरोड्याचे मित्र चेष्टेनं म्हणायचे, आम्ही आता तुमच्यासाठी परदेशी. खरा परदेशी झालो तो मीच.

सिंगापूरच्या शिपयार्डात पहिल्या दिवशी कोरड्या गोदीत उभं केलेलं जहाज पाहिलं. आमच्या गावातली सगळी घरं त्याच्या पोटात मावली असती. मी त्याच्या तळाशी पाठीवर पडून वेल्डिंग करायचो. राहायला डॉर्मिटरी, एका खोलीत बारा जण. आठवड्याचे सहा दिवस कळायचेही नाहीत, रविवार मात्र खायला उठायचा. बाकीचे फिरायला जात, मी पलंगावर पडून छताकडे पाहत राही.

वरच्या पलंगावर सेल्वम होता, तुतिकोरिनचा. त्यानं एका रविवारी बाजारातून एक खोका आणला. आत लाकडाच्या बारीक पट्ट्या, धाग्याची रिळं, इवलाले पितळी खिळे आणि घडी घातलेला मोठा नकाशा. जुन्या काळच्या शिडाच्या जहाजाचं किट होतं ते. सेल्वमला आठवड्यातच कंटाळा आला. "तू घे," म्हणाला, "तू असाही झोपूनच असतोस."

मी ते घेतलं. आधी लांबलचक कणा, मग त्यात एकेक फासळी, मग फासळ्यांवरून पट्ट्या वाकवत न्यायच्या. फासळ्या जमल्या, पट्ट्या जमेनात. वाकवली की काडकन मोडायची. पाच-सहा मोडल्यावर मी खोका पलंगाखाली ढकलून दिला.

तेव्हा गावात फोन नव्हता. दर पंधरवड्याला ठरलेल्या वेळी माय-बा कोंढ्याच्या एसटीडी बूथवर येत. माय बोलायची, बा बाजूला उभा राही. मायनं फोन हातात दिलाच तर म्हणे, "बरा हायेस ना? मायसंग बोल," आणि परत देऊन टाकी. तीन वर्षं आमच्यात एवढंच बोलणं झालं. त्या रविवारी दुसरं काही सुचेना म्हणून मी म्हणालो, "बा, लाकडाचं जहाज बनवून राहिलो. पट्ट्या मोडतेत."

या वेळी बानं फोन मायला परत दिला नाही. म्हणाला, "भिजवली का?"

"नाई."

"कोरडं लाकूड कोनाचं आयकते? रातभर पाण्यात ठेव. मंग शेक दे. अन् जोर नोको लावू. हात ठेवून बस. ते आपल्याच मनानं वाकते."

मायनं नंतर सांगितलं, त्या दिवशी घरी जाताना बा वाटभर बोलत होता.

तिथून पुढे दर फोनला बा जहाजाचं विचारी. "तळ बसला का?" "फटीत काय भरलं?" मी सांगे की इथं ग्लू मिळतो, तर तो म्हणे, "त्याचा काय भरोसा?" मी केलेल्या अपमानाबद्दल तो कधी काही बोलला नाही. मीही माफी मागितली नाही. आमची बोलण्याची जागा ते जहाज झालं, आणि मला वाटलं, एवढं पुरे आहे.

मग वैनगंगेवर बांधलेल्या धरणाचं पाणी आलं. गाव उठलं. नदीपासून लांब, माळावर सरळ रांगांत नवी घरं मिळाली. माझ्या गावच्या लोकहो, तुम्ही तो दिवस पाहिलात. सामान ट्रॅक्टरवर चढवलंत, देव उचललेत, दारं-चौकटी काढून नेल्यात. मी पाहिला नाही. आणि माझ्यासारखे सुरतेला, हैदराबादला, आखातात गेलेले जे कोणी आहात, तुम्हीही पाहिला नसेल. आपल्याला फोनवर कळलं. मी सुटी मागितली नव्हती. मागितली असती तर मिळाली असती.

बाचा डोंगा काकानं आणि बानं बैलगाडीवर घालून नव्या घराशी आणला आणि पालथा ठेवला. धरणाचं पाणी अफाट पसरलं होतं, बाच्या खुणेची झाडं, खडक, डोह सगळं खाली गेलं होतं. आधी काही दिवस तो त्या पाण्यावर मासे धरायला गेला होता, पण वाऱ्यात त्याचा डोंगा टिकेना. त्यातच त्याला दिसेनासं झालं. म्हातारपण म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. नागपूरला दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, दोन वर्षं आधी यायला हवं होतं. गेलेली नजर परत येत नाही.

त्या हिवाळ्यात मायनं सांगितलं, बानं कुऱ्हाड मागून घेतली आणि चाचपडत डोंगा फोडला. चुलीला घातला.

मी तेव्हा नुकताच वेल्डिंगचा इन्स्पेक्टर झालो होतो, एका हातात फोन, दुसऱ्या हातात रिपोर्ट. मी म्हणालो, "बरं झालं, अंगण मोकळं झालं." तिकडे काकाचा मोबाइल स्पीकरवर होता. बानं ते ऐकलं.

पुढच्या मे महिन्यात मी घरी गेलो, जहाज घेऊन. ते मांडीवर धरूनच सगळा प्रवास केला. बा खाटेवर बसला होता. मी जहाज त्याच्या हातात दिलं. त्यानं आधी डोलकाठ्या चाचपल्या, धागे मोजल्यासारखे हलवून पाहिले. मग ते उलटं केलं आणि तळावरून बोटं फिरवू लागला, नाकापासून शेपटापर्यंत, एकेका पट्टीवरून. डाव्या बाजूला एका जागी त्याचं बोट थांबलं. मागे गेलं, परत तिथंच आलं.

"इथं घाई केली तू."

मला ती जागा दिसतही नव्हती. पण ती पट्टी मला आठवत होती. गाव उठलं त्या आठवड्यात मी ती बसवली होती. न भिजवता, जोर लावून, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

"हो बा," मी म्हणालो. मग एवढी वर्षं अडकलेलं एकदम बाहेर आलं. "तेव्हाही चुकलो, चिखलाचं बोललो ते. अन् डोंग्याचंही."

बानं जहाज सरळ केलं, मांडीवर ठेवलं. "कामात होतं तसं," म्हणाला. "चुकलेली फळी काढाची नाई. मंग शेजारची बी ढिली होते. राहू दे." त्यानं माझ्या तळहातावरून अंगठा फिरवला. वेल्डिंगनं पोळलेल्या खुणा होत्या तिथं. "दुखते का?"

"आता नाई."

बा दुसऱ्या वर्षीच्या आषाढात गेला. विमान मिळेपर्यंत वेळ झाला, मी पोहोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. राख धरणाच्याच पाण्यात सोडली, जिथं आमचं गाव होतं असं काका म्हणाला त्या बाजूला. मला तर सगळं पाणी सारखंच दिसत होतं.

आता बायको-मुलगी माझ्यासोबत सिंगापुरात आहेत. मुलगी मराठी बोलते, पण 'मले-तुले' ऐकलं की हसते. मायला मी दर वर्षी म्हणतो, चल. ती म्हणते, "मी एक डाव उठली तेच लय झालं."

बा गेल्यावर वर्षभर मी पट्ट्या-धाग्यांना हात लावला नाही. मग वाटलं, बाचा डोंगा करावा. दुकानात जगभरची जहाजं मिळतात, वैनगंगेच्या डोंग्याचं किट कोण काढणार? नकाशा नाही, फोटो नाही, आणि मूळ डोंग्याची राख झालेली. मी मायला फोन करून विचारलं, डोंगा लांबीला केवढा होता.

"मोजला कोनं?" माय म्हणाली. मग म्हणाली, "तुझा बा पाय पसरून झोपे, अन् पायथ्याशी मी टोपलं घेऊन बसो. येवढा."

ते माप हातभर करून मी फळ्या कापल्या. रात्रभर भिजवल्या, शेकल्या, हात ठेवून बसलो. फटीत चिंध्यांचे धागे भरले. चार महिने लागले. घर कुठं, असं इथं कोणी विचारलं की मी पूर्वी गावाचं नाव सांगत असे. आता नाव ओठावर येतं आणि तिथंच थांबतं. त्या नावाच्या फलकामागे माळावरच्या रांगा आहेत आणि त्यातल्या एका घरात एकटी माय आहे.

डोंगा पुरा झाला तेव्हा फोटो काढून काकाच्या मोबाइलवर पाठवला. काकानं तो मायसमोर धरला, मला फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता.

"बराबर हाये," ती म्हणाली. "अस्साच होता."

आणि मग, "पर बाबू, रिकामा काहून ठेवला?"