नाकाला काम

आमच्या कुत्रीचा पुढचा पाय मोडला तेव्हा तिला आमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली होती. बिल्डिंगच्या आवारात एका बाइकचा धक्का लागला. मालाडच्या डॉक्टरबाईंनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, दीड महिना घरात ठेवायचं. फक्त शू-शीपुरतं उचलून खाली न्यायचं आणि लगेच वर आणायचं. आम्ही कांदिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. घरात मी आणि आई, दोघीच.

पहिले चार दिवस ती नुसती झोपली. पाचव्या दिवशी तिने सोफ्याचा कोपरा फाडला. मग माझा चार्जर, आईची जपमाळ, शेवटी प्लास्टरचीच कड. मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत बसले की ती समोर येऊन सतत कण्हायची. दुखतंय असं वाटून मी डॉक्टरबाईंना फोन केला.

"दुखत नाहीये, कंटाळलीय," त्या म्हणाल्या. "पाय बांधलाय, नाक नाही बांधलं. नाकाला काम द्या. खाणं भांड्यात देऊ नका, लपवून ठेवा आणि शोधायला लावा. एकाच खोलीत, हळूहळू. हुंगूनसुद्धा कुत्रं दमतं."

आईला हे पटलं नाही. "कुत्र्याक कसली गो डोक्याची भूक? भूक ती पोटाक."

पण फाटलेला सोफा बघून तिलाच काहीतरी आठवलं. तिची सगळी नोकरी बालवाडीत मदतनीस म्हणून गेली होती. "पोरां कंटाळली की पाटयेचा लाकूड चावत," ती म्हणाली आणि उठून चार स्टीलच्या वाट्या घेऊन आली.

वाट्या जमिनीवर पालथ्या घालायच्या आणि एकीखाली उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवायचा, असा खेळ ठरला. कुत्रीला मी स्वयंपाकघरात धरून ठेवायचे, आई तुकडा लपवून कॉटवर बसायची, मग मी कुत्रीला सोडायचे. दुसऱ्या दिवसापासून ती न चुकता बरोबर वाटीपाशी जायला लागली. लंगडत यायची, एकदा मान वर करायची आणि थेट त्या वाटीला पंजा लावायची. तिच्या नाकाचं मला फार कौतुक वाटलं. ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी सांगून टाकलं.

मग एका सकाळी आई अंघोळीला गेली असताना मीच तुकडा लपवला आणि पाठमोरी बसले. कुत्री चारही वाट्यांमधून गोंधळल्यासारखी फिरली. तीन चुकीच्या वाट्या उलथल्या, तेव्हा कुठे तुकडा मिळाला. मला नवल वाटलं. नाक तर तेच होतं, मग कालपर्यंत एका फटक्यात कसं जमत होतं?

संध्याकाळी मी कुत्रीकडे न बघता आईकडे बघत राहिले. कॉटवर बसलेली आई थोडी पुढे वाकली होती आणि तिची नजर उजवीकडच्या वाटीवर खिळली होती. कुत्रीने मान वर केली ती आईचा चेहरा बघायला.

"आई, तू सांगतेस तिला."

"मी तोंडातून शबूद काढूक नाय."

"तोंडातून नाही, डोळ्यांनी."

तिला राग आला. मी म्हटलं, करून बघू. तुकडा डाव्या वाटीखाली ठेवला आणि आईला उजव्या वाटीकडे टक लावून बघायला सांगितलं. कुत्री आली, तिने आईकडे बघितलं आणि उजवी वाटी उलथली. खाली काही नव्हतं. तिने वाटीचा तळ हुंगला, परत आईकडे बघितलं आणि तशीच बघत उभी राहिली.

आई उठली. डाव्या वाटीखालचा तुकडा काढून तिने स्वतःच्या हाताने कुत्रीला भरवला. "फसवला आपण तिका. परत माका ह्या करूक सांगू नको."

त्या दिवशी जेवताना ती आपणहून बोलली. बालवाडीच्या बाई वर्गात काही विचारायला लागल्या की मुलं आईच्या तोंडाकडे बघायची आणि ती हळूच ओठ हलवायची. बाईंना कळत होतं का, असं मी विचारलं. "काय म्हायत," ती म्हणाली आणि हसली. इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

पुढे आई लपवून झालं की गॅलरीत जाऊन उभी राहायची. कुत्रीला मग खरोखर नाक वापरावं लागलं. तुकड्याजवळ आली की तिचा श्वास बदलायचा, छोटे छोटे, भराभर. लांब गेली की परत सावकाश. मी काम सोडून तो आवाज ऐकत बसायचे. एक तुकडा सापडायला कधी दहा मिनिटं लागायची, पण त्यानंतर ती दुपारभर गाढ झोपायची. आईने टॉवेलच्या घड्या आणल्या, अंड्यांचा पुठ्ठा आणला, शेवटी सैल झाकणाचा प्लास्टिकचा डबाही. झाकण नाकाने ढकलायला कुत्री दोन दिवसांत शिकली.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी शेजारी गेलो होतो. परत येऊन बघतो तर खालच्या फळीवरचा सोड्यांचा डबा उघडा पडलेला आणि गावाहून आलेली सुकी कोळंबी संपलेली. कुत्री तीन वाडगे पाणी प्यायली आणि दोनदा ओकली. डॉक्टरबाईंनी थोडं थोडं पाणी देत राहायला आणि लक्ष ठेवायला सांगितलं. आई तिच्या अंगावर हात ठेवून फरशीवरच बसून होती.

मी चिडून म्हटलं, "किती खादाड आहे ही."

"डबो उघडूक तिका शिकवल्यान कोणी? आपणच," आई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत कुत्री सावरली. आईने सगळे डबे वरच्या फळीवर चढवले, खेळ मात्र बंद केला नाही.

प्लास्टर निघालं. पाय थोडा आखडलेला राहिला, पण ती जिना एकटी उतरू लागली. पूर्वी तिला फिरवताना मी पट्टा ओढत गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचे. आता ती पानवाल्याच्या बाकाचा पाय पाच मिनिटं हुंगते आणि मी उभी राहते. तिचा श्वास ऐकते. तिथे तिला काय सापडलं, ते मला कळत नाही.