बॉनेटवर उतरलेले चतुर

शेजारचे रंगारीदादा अंगणातल्या टबात डास पाळतात, अशी गल्लीत बातमी होती. निम्मी बातमी माझीच. तिखटमीठ गल्लीने लावलं. मग मी टबात वाकून पाहिलं आणि कानाला खडा लावला. आत चतुरांची पिल्लं होती आणि ती डासांच्या अळ्या मटकावत होती. ज्यांची मी बदनामी केली, तेच माझी झोप राखत होते.

दादा गाड्या रंगवायचे. आमच्या घरालाच लागून साडूबरोबर भागीदारीत गॅरेज. हात दादांचा, जीभ साडूची. दादांनी पॉलिश केलेल्या बॉनेटमध्ये मी एकदा केस विंचरायला गेलो, तर टक्कल इतकं स्वच्छ दिसलं की पुन्हा तिकडे वाकलो नाही.

वारा फिरला की दरवर्षी पिवळसर चतुरांचे थवे येतात. ना घर ना दार. दादा सांगायचे, समुद्र ओलांडून येतात, डबकं दिसेल तिथे अंडी घालतात आणि पुढे जातात. चकचकीत काळी गाडी त्यांना पाणीच वाटते. शेपटी टेकवत अंडी घालतात, ती उन्हात करपतात आणि रंगावर डाग उठतात. म्हणून थवा दिसला की दादा आधी गाडीवर कापड टाकत.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंची काळी गाडी तयार होती. दादा सासऱ्यांना, म्हणजे दोघांच्याही सासऱ्यांना, डोळे दाखवायला घेऊन गेले. जाताना साडूला कापडाचं बजावून गेले. साडू खुर्चीत रेलून थवा बघत बसला. उलट मलाच भिंतीवरून हाक मारली, या, गंमत बघा म्हणून. मी बघितली.

दोन दिवसांनी बाईंनी डागांवर बोट ठेवलं. साडू दादांच्या समोरच म्हणाला, "ह्यांचा हात थरथरतो हल्ली. मी किती वेळा सांगितलं."

बावीस वर्षांचा हात. दादांनी तो फडक्याला पुसला, आपला स्प्रे उचलला आणि घरी आले. आणि मी? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण तेव्हा माझी स्कूटर साडूच्या मेहेरबानीने रंगत होती. म्हणून गप्प बसलो. महिन्याभराने सांगितलं, तेही फक्त बायकोला. तिचं आणि दादांच्या बायकोचं फार सख्य.

दादांनी मग अंगणात टब भरून ठेवला. इतक्या लांबून येतात बिचारे, एका ठिकाणी तरी खरं पाणी मिळू दे, म्हणाले.

परवा साडू दादांच्या अंगणात आला. दादांसारखी चकाकी कोणाच्या हाताला येत नव्हती, गिऱ्हाइकं कुरकुरत होती. मी भिंतीला कान लावला. चहा झाला, सासऱ्यांची तब्येत झाली. मग साडू म्हणाला, त्या किड्यांनी घात केला आपला, झालं गेलं विसरा, परत या.

दादा टबातला पाला काढत होते. मान वर न करता म्हणाले,

"किड्यांना बॉनेट पाणी वाटलं, ते फसले. तुम्ही खुर्चीत बसून बघत होता. खोटं वाटत असेल तर भिंतीपलीकडे कान लावून बसलाय त्याला विचारा, तोही तिथेच होता."