भाजीवालीचे अकरा रुपये

माझे अक्षर किरटे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाही. हे कोणाच्या हाती पडलेच तर त्याने सांभाळून घ्यावे. शाळा चौथीत सुटली, वाचायची सवय मात्र सुटली नाही. पुडीचा कागदसुद्धा मी वाचून मग टाकते.

म्हणून माझ्या यजमानांनी एकदा मुंबईहून येताना चित्रांचे पुस्तक आणले. वरच्या पानावर तोंडाला बुरखे बांधलेले चौघे कौलांवर उभे होते. ते उडणारे नव्हते, त्यांच्याजवळ जादूही नव्हती. काठ्या आणि दोर घेऊन गल्लीतल्या गुंडांशी लढणारे, असे छापले होते. आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून तिला वाचून दाखवायला मी ते न उघडता राखून ठेवले.

आई पळस्प्याहून डोक्यावर पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात भाजी विकायला यायची आणि दुपारी माझ्या ओट्यावर टेकायची. आदल्या वर्षी भरबाजारात एकाने तिच्या कमरेची पैशांची पिशवी हिसकली. तो पळालाही नाही, चालत गेला. सगळे बघत राहिले. आईने नंतर त्याबद्दल अवाक्षर काढले नाही, पण कोणी पाटीजवळ उभे राहिले की तिचा हात कमरेकडे जायचा.

आणि या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर गुंड भाजीवालीची पिशवी घेऊन जातो. ती ओरडते, "माझे अकरा रुपये!" मी मोठ्याने वाचले तशी आई सरसावून बसली.

"आता कसा जाशील रे," ती चित्रातल्या गुंडाला म्हणाली. "वाच गो, वाच."

पुढे चौघे शपथ घेतात. मग बुरखा काळा असावा की तांबडा, यावर दोन पाने. मग पुढारी कोण, यावरून आपसातच हाणामारी.

"हे काय लग्नाला चाललेत? आमी इथं वाट बघतोय नि हे नटतायत," आई म्हणाली. "तिचे पैशे?"

"येतील पुढं."

पुढे एका शेटजीची मुलगी आली. गुंडांनी तिला पळवले, चौघांनी सोडवले, शेटजीने त्यांना हार घातले. भाजीवाली काही परत दिसेना. गर्दीच्या चित्रांतसुद्धा मी तिची पाटी शोधली.

"आन तिचे पैशे?"

मला त्या लिहिणाऱ्याचा असा राग आला! बुरख्यांना दोन पाने होती, अकरा रुपयांना एक चौकोन नव्हता? गुंडाला पोलिसांनी नेले, त्याच्या खिशात काय होते ते कोणी पाहिलेही नाही. शेवटच्या पानावर चौघे हसत उभे, वर चंद्र. संपले.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. पण पुस्तक माझ्याकडे वळवले, चंद्रावर बोट ठेवले आणि वाचू लागले.

"हां, इथं हाय. त्यातला धाकटा बाजारात जातो. भाजीवालीसमोर उकिडवा बसतो. म्हणतो, आये, हे घे तुझे पैशे."

"बुरखा काढला का मेल्यानं?"

"काढला."

"तिनं मोजून घेतले?"

"घेतले. पाटीवर मांडून."

"किती भरले?"

"अकरा. एक पैसा कमी नाय."